गरम पाण्याची आडवाट

१

डॉक्टरीणबाईंचा पाय दोन ठिकाणी मोडला, यातून कुणाचा काय फायदा, हे अपघाताच्या तपासावर आलेल्या निरीक्षकबाईंनी पहिल्याच दिवशी एका कागदावर मांडलं. कंपाउंडरला सकाळची दोन तास जादा झोप. गॅरेजवाल्या उस्तादांना काहीच नाही, उलट हातचं जायची वेळ. उस्ताद गेलेच, तर त्यांच्या धाकट्या भावाला त्यांची खुर्ची. आणि डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याला चोवीस तास घरात असलेली बायको. या शेवटच्या ओळीवर निरीक्षकबाई स्वतःशीच हसल्या, आणि नफ्याच्या बाजूची ती ओळ खोडून त्यांनी ती तोट्याच्या बाजूला लिहिली. त्यांच्या स्वतःच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. अशा माणसाकडून अशी चूक होते.

घडलं ते एवढंच. डॉक्टरीणबाई रोज सकाळी सात दहाला आपली जुनी पेट्रोल गाडी घेऊन घाट चढायच्या आणि माथ्यावरच्या दवाखान्यात बसायच्या. वर दुसरा डॉक्टर नाही. त्या दिवशी दाट धुकं होतं. घाटातल्या सगळ्यात उभ्या वळणावर इंजिन धापा टाकायला लागलं आणि बंद पडलं. इंजिन बंद असलं की ब्रेक दोनदा लागतो, तिसऱ्यांदा पायाखाली दगड असावा तसा लागतो. गाडी उलटी घसरत गेली आणि कठड्याच्या कोपऱ्यावर आपटली. कठड्यापलीकडे दरी होती. कठडा जुना होता, पण टिकला.

पाऊण तासाने क्रेनवाला पोचला. त्याने सहज किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. कुरकुर नाही की खोकला नाही.

त्या थंडीत ती गाडी अशी सहाव्यांदा बंद पडली होती, आणि दर वेळी दहा मिनिटांनी आपली आपण बरी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी ती दोनदा गॅरेजात पाठवली. दोन्ही वेळा कागदावर लिहून आलं, ‘दोष नाही’. खाली उस्तादांची सही.

आता वरून नोटीस आली होती. दोष दुरुस्तीत निघाला, तर चौतीस वर्षांचं गॅरेज बंद आणि उस्तादांवर खटला. अहवालाला मुदत आठ दिवसांची.

२

उस्तादांच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कुणीच बोलत नव्हतं. बॉनेटमध्ये हात घालायचा तो धाकट्याने. उस्ताद खुर्चीत बसून कान देत आणि सांगत, तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बघ. तो खरंच खराब निघायचा. कानांवर गॅरेज चालवणारा माणूस बाईंनी पहिल्यांदाच पाहिला.

गाडी अंगणातच उभी होती. बाईंनी ती तासभर चालवून, थांबवून, रेस करून पाहिली. दुपारच्या उन्हात ती शाळेतल्या हुशार मुलीसारखी वागली.

उस्तादांनी आपल्या बाजूने एक शब्दही काढला नाही. बोलले ते गॅरेजच्या शिस्तीबद्दल. नळीची क्लिप आवळताना स्क्रूचं तोंड वरच्या बाजूलाच आलं पाहिजे, म्हणजे पुढच्या माणसाला ते खोलायला गाडीखाली झोपावं लागत नाही. या एका नियमासाठी त्यांनी शिकाऊ पोरांच्या पाठीत धपाटे घातले होते, आणि सगळ्यात जास्त धाकट्याच्या.

धाकटा हसत चहा घेऊन आला. वय शेहेचाळीस, दोन मुलींचा बाप, पण अख्ख्या रस्त्याला तो धाकटाच. तो म्हणाला की दादांनी आता घरी बसून आराम करावा, हे तो केव्हापासून सांगतोय. हे त्याने दादांच्या देखत आणि बऱ्याच मायेने सांगितलं.

इस्पितळातही मायेचा विषय निघाला. डॉक्टरीणबाईंचे यजमान रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. गावभर त्यांना ‘सर’ म्हणत. बायकोच्या उशाशी ते इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले होते. हिने साठी ओलांडली, ते सांगत होते, हात-पाय पूर्वीसारखे चालत नाहीत, गाडी वळणावर सांभाळता आली नसेल. दोन वर्षं मी सांगतोय की आता पुरे.

“गाडी बंद पडली, अहो. मी नाही,” डॉक्टरीणबाई प्लास्टरमधून म्हणाल्या.

सरांनी त्यांच्या अंगावरची शाल सारखी केली. त्यांना सवयच होती ती. थंडीच्या सकाळी ते गॅलरीत जाऊन थर्मामीटर आणि बाहेरचं धुकं बघून येत आणि बायकोच्या खांद्यावर शाल टाकत. वीस वर्षांत आपण एकदाही स्वतःहून शाल घेतली नाही, असं त्या काहीशा अभिमानाने सांगत होत्या.

निरीक्षकबाईंना घरची आठवण झाली. त्यांच्याकडे शाल कुठे असते हेही नवऱ्याला माहीत नव्हतं.

३

दवाखान्याचा कंपाउंडर बोलका निघाला. जादा झोपेच्या आरोपावर तो मनमोकळं हसला आणि म्हणाला की झोप कसली, पायरीवर चाळीस माणसं बसलेली असतात, ती दारच तोडतील. हजेरीचं पुस्तक त्याने आपणहून पुढे केलं. बाई उशिरा आल्याचे पाच दिवस होते, आणि सहावा न आल्याचा.

सरांवर त्याची फार भक्ती होती. काय शिस्तीचा माणूस, तो म्हणाला. बाईंना उशीर होणार असला की सव्वासातला घरून फोन येतो, आज मॅडमना वेळ लागेल. मग मी लोकांना सांगतो, दहाला या. थंडीत म्हातारीकोतारी ताटकळत नाहीत. अपघाताच्या दिवशीसुद्धा सरांचा फोन चुकला नव्हता.

निरीक्षकबाईंनी ते सवयीने लिहून घेतलं आणि पान उलटलं. त्यांचं सगळं लक्ष तारखांवर होतं.

घाटातल्या चौकीवर रोजची थंडी आणि धुकं नोंदवतात. त्या वहीशी तारखा ताडून पाहताना बाई गोंधळल्या. थंडीने गाडी बंद पडते म्हणावं, तर मोसमातल्या सगळ्यात गार दोन दिवशी, पारा एकावर असताना, डॉक्टरीणबाई वेळेवर पोचल्या होत्या. त्या दोन्ही दिवशी आकाश स्वच्छ होतं आणि हवा कोरडी. गाडी अडली ते सहाही दिवस त्या मानाने उबदार, सात ते दहा अंश. आणि सहाही दिवशी धुकं.

म्हणजे इंजिनाला थंडीचं वावडं नव्हतं. ओलाव्याचं होतं.

बाईंनी वही मिटली आणि चौकीदाराला विचारलं, पुढचं धुकं कधी. परवा, तो म्हणाला.

४

परवा सकाळी सात दहाला निरीक्षकबाई त्याच गाडीत बसल्या. शेजारी उस्ताद, मागच्या सीटवर चाकाला लावायला दोन लाकडी ठोकळे. उस्ताद डोळे मिटून बसले होते. तसंही उघडून विशेष फरक पडला नसता.

पंधरा मिनिटं गाडी छान चढली. मग उस्तादांनी मान तिरकी केली.

“हिला श्वास पुरत नाहीये,” ते म्हणाले.

बाईंना अजून काहीच ऐकू आलं नव्हतं. दोन मिनिटांनी इंजिन अडखळलं, आणि उभ्या वळणाच्या अलीकडे बंद पडलं. बाईंनी हँडब्रेक ओढला, उतरून ठोकळे लावले आणि बॉनेट उघडलं.

रेडिएटरला हात लावला तर चटका बसला. इंजिनाचं डोकंही तापलेलं. मग त्यांनी इनटेक मॅनिफोल्डवर हात ठेवला. कार्बोरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल एकत्र येतात, आणि ते मिश्रण ज्या धातूच्या पाइपांतून सिलिंडरांकडे जातं, तो हा भाग. तापलेल्या इंजिनाला चिकटलेला, आणि तरी बर्फाच्या पेटीतून काढल्यासारखा गार, घामेजलेला. वर कार्बोरेटरच्या अंगावर पांढरी साय धरली होती. एअर फिल्टर काढून टॉर्च मारला, तर कार्बोरेटरच्या गळ्यात बर्फाचं गोल कडं. हवा जायला पेन्सिलीएवढी जागा.

बाई बघत राहिल्या. खालच्या इंजिनाची धग हळूहळू वर चढत होती. कडं पातळ झालं, थेंब थेंब झालं, आणि आठव्या मिनिटाला गळा कोरडा. किल्ली फिरवली, गाडी सुरू. पुरावा पेट्रोलबरोबर जळून धूर होऊन गेला होता.

“इंजेक्शनच्या आधी हातावर स्पिरिट लावतात तेव्हा गार का लागतं?” उस्ताद आतूनच म्हणाले. “उडून जाताना ते तुमच्या हाताची ऊब घेऊन जातं. पेट्रोलही तसंच. वाफ होताना ऊब मागतं. हवा कोरडी असली तर निभावतं, ओली असली की त्या ओलाव्याचाच बर्फ करतं. म्हणून तर गाडी बनवणारा इंजिनाचं गरम पाणी, कुलंट, एका नळीने मॅनिफोल्डच्या पोटातून फिरवून आणतो. घ्या म्हणतो ऊब, किती हवी तेवढी. ती नळी गरम आहे का बघा.”

बाईंनी नळी शोधली. इंजिनाच्या डोक्यातून ती निघत होती, पण मॅनिफोल्डकडे जातच नव्हती. खालून वळसा घालून ती सरळ परतीच्या नळीला जोडलेली होती. गरम पाणी आलं तसं परत जात होतं. मॅनिफोल्डची दोन्ही तोंडं रबरी टोप्या घालून बंद केलेली. काम इतकं स्वच्छ, की कारखान्यातूनच तसं आलंय असं वाटावं.

उस्ताद उतरून चाचपडत पुढे आले. बाईंनी त्यांचा हात धरून जोडावर ठेवला. त्यांची बोटं नळीवरून फिरली, पहिल्या क्लिपवर थांबली, दुसऱ्या क्लिपवर थांबली. दोन्ही स्क्रूंची तोंडं वर होती.

मग त्यांनी बोटं रुमालाला पुसली.

“लिहा बाई. माझंच काम आहे हे.”

५

बाईंनी लिहिलं नाही. घाट उतरेपर्यंत त्या उस्तादांना शांतपणे दोन गोष्टी सांगत राहिल्या. पहिली, रबरी टोप्यांवर या उन्हाळ्यातली तारीख छापलेली आहे, आणि तुम्ही दोन वर्षांत बॉनेटखाली हात घातलेला नाही. दुसरी, घातपात करणारा नळी कापतो किंवा क्लिप सैल सोडतो; इथे तर पुढच्याची पाठ वाचावी म्हणून स्क्रू वर ठेवलाय. वाईट काम करतानाही ज्याला वाईट करता आलं नाही, असा हात तुम्ही आणखी एकच घडवलाय.

उस्ताद खिडकीबाहेर बघत होते. बाहेर धुकंच होतं.

धाकट्याने नाकारलं नाही. उलट तो मोकळा झाला. उन्हाळ्यात गाडी तापत होती, सर स्वतः आले आणि म्हणाले की मॅनिफोल्डचं पाणी बंद करून टाक. उन्हाळ्यात बरेच जण करतात, त्यात गैर काही नाही, इंजिनाला गार हवा मिळते आणि जोरही जरा वाढतो. त्याचं म्हणणं खरं होतं. थंडी लागायच्या आत नळी परत जोडायची, एवढंच पाळायचं असतं. तेही त्याने सरांना सांगितलं होतं. सर म्हणाले, मी सांगेन तेव्हा जोड.

मग थंडीत गाडी दोनदा इथेच आली होती, त्याचं काय, असं बाईंनी विचारलं.

धाकटा पान्याशी खेळत राहिला. सरांचा निरोप आला नव्हता, म्हणाला. नंतर जरा वेळाने म्हणाला की दोन-चार वेळा गाडी बंद पडली असती, लोक म्हणाले असते म्हाताऱ्याच्या सहीला अर्थ राहिला नाही, दादा आपोआप घरी बसले असते. त्यांच्याच भल्याचं होतं. अपघाताचं कुणाच्या मनात होतं का.

खुर्चीतून उस्ताद एवढंच म्हणाले, “मी तुला दोन्ही वेळा विचारलं होतं. कुलंटची नळी गरम लागते का म्हणून.”

“लागत होती ना. नळी गरमच होती,” धाकटा म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. “आणि सही तुमची आहे, दादा. माझी नाही.”

उस्तादांनी मान हलवली. हिशेब बरोबर होता.

निरीक्षकबाई बाहेर येऊन पायरीवर बसल्या. धाकट्याचा उलगडा झाला होता, सरांचा नव्हता. विसरले असतील सर. वयस्क माणूस, बायकोची काळजी करणारा, शाल टाकणारा. विसरला नाही हे सिद्ध कसं करणार? त्यांनी टिपणवही पहिल्या पानापासून चाळायला घेतली. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

गाडी घरून निघते सात दहाला. बंद पडते साडेसातला. घाटात मोबाइलला रेंज नाही. आणि उशीर होणार हे कळवणारा फोन येतो सव्वासातला.

६

इस्पितळाच्या खोलीत सर संत्र्याच्या फोडी सोलून बशीत मांडत होते. निरीक्षकबाईंनी खुर्ची ओढली. नळीचं, बर्फाचं, धाकट्याचं सगळं सरळ सांगितलं. सर चांगल्या विद्यार्थ्याचं उत्तर ऐकावं तसे मान डोलवत होते. आपण विसरलो, ही आपली चूक, असं म्हणाले. डोळ्यांत पाणीही आलं.

मग बाईंनी विचारलं की सव्वासातला, गाडी अजून गावाच्या हद्दीतच असताना, ती साडेसातला बंद पडणार हे त्यांना कसं कळायचं.

सरांच्या हातातली फोड तशीच राहिली.

सहा वेळा फोन, बाई म्हणाल्या. कोरड्या थंडीत एकदाही नाही. हवेचा ओलावा आणि पारा बघून बर्फ धरेल की नाही हे सांगता येईल असा माणूस या गावात एकच आहे, आणि तो रोज गॅलरीत जाऊन दोन्ही बघतो. तुम्ही विसरला असतात, तर फोन केला नसता. पण पायरीवर चाळीस माणसं थंडीत बसणार हे तुम्हाला बघवलं नाही. शिक्षक आहात, वर्ग ताटकळत ठेवता येत नाही तुम्हाला.

डॉक्टरीणबाई उशीवर जरा उंच झाल्या. त्या निरीक्षकबाईंकडे बघत नव्हत्या.

“खरं आहे हे?”

सरांनी बशी बाजूला ठेवली. ते हळू आवाजात बोलायला लागले. किती वेळा सांगितलं तुला. लग्नापासून अडतीस वर्षं तू सकाळी गेलीस आणि अंधारात आलीस. मी निवृत्त झाल्यावर तरी. मला वाटलं, गाडीनेच दगा दिला की कंटाळशील. नुसती थांबेल, पुन्हा सुरू होईल, एवढंच गणित होतं. ब्रेकचं माझ्या लक्षात आलं नाही.

“आणि शाल?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“शाल खरी होती, अगं. या वर्षी तर गाडी बंद पडल्यावर तुला थंडी वाजेल म्हणूनही.”

डॉक्टरीणबाईंनी अंगावरची शाल काढली, नीट घडी केली आणि बशीशेजारी ठेवली. त्या रडल्या असत्या तर निरीक्षकबाईंना बाहेर जाता आलं असतं.

“दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला एकदा म्हणाला असतात ना, की मला एकट्याने घरात करमत नाही,” त्या म्हणाल्या, “तर मी अर्धे दिवस केले असते. तुम्ही म्हणालात, तुझं वय झालं.” मग निरीक्षकबाईंकडे वळून, पेशंटला औषध सांगावं तशा स्वरात, “सगळं लिहा. फोनसकट. उस्तादांचं नाव त्यात असता कामा नये.”

७

पण उस्तादांनी ते घालायला लावलं. अहवालात सरांवर जाणूनबुजून दोष लपवल्याचा ठपका आला, धाकट्यावर खोटी तपासणी केल्याचा, आणि उस्ताद निर्दोष ठरले. दोष दुरुस्तीतला नव्हता, मुद्दाम ठेवलेला होता, म्हणून गॅरेजला टाळं लागणार नव्हतं. तेव्हा त्यांनी निरीक्षकबाईंना निरोप पाठवला की एक ओळ राहिली आहे. न बघता सही केली, दोनदा. बाईंनी समजावलं, की ही ओळ कायद्याने लागत नाही. उस्ताद म्हणाले, कायद्याचं मी विचारत नाहीये.

खटला चालेल तसा चालेल. तोवर ज्याने जे मागितलं ते त्याला मिळालं, आणि निरीक्षकबाईंनी ते पहिल्या दिवशीच्या कागदाच्या मागे लिहून ठेवलं.

धाकट्याला खुर्ची मिळाली. उस्तादांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि त्यानंतर गॅरेजात पाऊल टाकलं नाही. महिन्याभरात लोकांच्या लक्षात आलं, की खुर्चीत आता ऐकणारं कुणी नाही. गाड्या पुढच्या चौकात जायला लागल्या. सरांना अखंड सहवास मिळाला, स्वतःचा. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यामागची औषधांची खोली रिकामी करून तिथेच बिऱ्हाड केलं आणि घाट चढायचा प्रश्नच मिटवला. त्या कुबडी घेऊन पेशंट तपासतात. डावा पाय पाऊण इंच आखूड राहिला आहे.

ही झाली मागणाऱ्यांची बाजू. पलीकडे, कुणी किती भरलं या रकान्यात, बाईंनी बराच वेळ पेन धरून ठेवलं. चूक करणाऱ्यांची नावं तिथे आधी यावीत असा त्यांचा शिरस्ता होता. शेवटी त्यांनी लिहिलं: डॉक्टरीणबाई, एक पाय आणि अडतीस वर्षं. उस्ताद, चौतीस वर्षं आणि एक भाऊ.

मग बाकीच्या दोघांची नावं खाली लिहिली, आणि त्यांच्यापुढे लिहायला त्यांना तेवढं मोठं काही सापडलं नाही.